काडीमोड झाली, पण लेकराच्या पोटगीचे काय?

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या बैठकीत आम्ही केलेल्या भाषणाचा मजकूर)



लग्नाची सुपारी फुटायची असली म्हणजे आपल्याकडे अर्धे गाव गोळा होते. काडीमोड करायची असली तर निदान पाच पंच, दोन मामा आणि एक वकील तरी जमतात. पण काडीमोड होऊन सहा वर्षे लोटली, पोरगी पाचवीतून आठवीत गेली, वह्यापुस्तकांचा खर्च वाढला, बापाकडून येणारा पैसा मात्र जुन्या आकड्यावरच अडकून राहिला, अशा वेळी त्या बाईच्या दारात कोण येऊन बसतो? कोणी नाही. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते नेमके या वेळेविषयी. काडीमोड कशी करावी, करावी की करू नये, हा आजचा विषय नव्हे. झाली आहे असे धरून चला. पुढे मुलाचा ताबा आणि पोटगी यांत काळाप्रमाणे फेरबदल कसा होतो, कोणी मागावा, कोठे मागावा, आणि न मागता मनानेच करून टाकला तर काय होते, एवढेच आम्ही सांगणार आहोत.

आपल्या लोकांत एक समजूत फार घट्ट बसली आहे. कोर्टाने एकदा लिहिले ते लिहिले, आता त्यात कानामात्रा बदलायचा नाही. ही समजूत खोटी आहे. जमिनीच्या वाटपाचा हुकूम आणि लेकराच्या ताब्याचा हुकूम हे एका जातीचे नव्हेत. जमीन वाढत नाही, लेकरू वाढते. म्हणून कायद्यानेच हे दार उघडे ठेवले आहे. हिंदू विवाह कायदा, 1955 याच्या 26 व्या कलमात अज्ञान मुलांचा ताबा, पोटगी आणि शिक्षण यांबद्दल कोर्टाने वेळोवेळी हुकूम करावेत, आणि निकालानंतरही ते बदलावेत, रद्द करावेत, अशी सोय आहे. 25 व्या कलमात नवराबायकोच्या पोटगीबद्दल तशीच सोय आहे. आणि फौजदारी कोर्टातली जी पोटगी आपण 125 कलमाची म्हणून ओळखतो, ती 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 144 व्या कलमात गेली आहे. रक्कम वाढवण्याचे किंवा कमी करण्याचे कलम जुने 127, ते आता 146 झाले. वकील अजून सवयीने जुनेच आकडे बोलतात, म्हणून दोन्ही सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने 1973 सालीच रोझी जेकब यांच्या प्रकरणात स्पष्ट केले की मुले म्हणजे आईबापांची चीजवस्तू नव्हे, आणि ताब्याचा हुकूम प्रसंग बदलला म्हणजे बदलता येतो.

आता थोडे मागे जाऊ. काडीमोड ही गोष्ट आपल्या बहुतेक शेतकरी आणि कारागीर जातींना इंग्रजांनी शिकवली नाही, दिल्लीनेही नाही. ज्या घरांत विधवेचे केशवपन होई, त्या घरांनी आपल्या पाटाला आणि मोहतराला हलके म्हणून नाक मुरडले. पुढे काय झाले? बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या राज्यात 1931 साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई इलाख्यात 1947 साली झाला. सगळ्या देशाला तो 1955 च्या कायद्याने मिळाला. ज्याला हलके म्हटले तेच शेवटी कायद्याच्या पुस्तकात शिरले. त्याच कायद्याच्या 29 व्या कलमाने रूढीने होणारी काडीमोडही शाबूत ठेवली आहे.

पण ही फुशारकी येथेच आवरावी हे बरे. पंच बसत, दंड ठरवीत, दंडाच्या पैशाचे जेवण होई, आणि लेकरू? ज्याच्या बाजूला भावकी मोठी, लेकरू त्याच्या दारात. मुलगा असला तर बापाचा वंश म्हणून ओढायचा, मुलगी असली तर हुंड्याचा भार म्हणून आईच्या पदरात टाकायची, असा न्याय आपल्या पंचांनी किती वेळा केला याचा हिशोब कोणी ठेवला नाही. आपल्या रूढीने बाईला मोकळे होण्याची वाट दिली, हे तिचे मोठेपण. त्या वाटेवर लेकराच्या पोटाची शिदोरी मात्र तिने कधी बांधून दिली नाही, हेही तितकेच खरे.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे येऊ. उदाहरणासाठी एक घर धरा. बाप सुतारकाम करतो, आई माहेरी शिवणकाम करते. 2016 साली काडीमोड झाली तेव्हा मुलगी तीन वर्षांची, अंगणवाडीत. कोर्टाने मुलीपुरते दरमहा 1500 रुपये ठरवले. म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. अंगणवाडीच्या पोरीला त्यात कसेबसे भागले असेल. आज तीच पोर हायस्कुलात आहे. गणवेश, वह्या, एस. टी.चा पास, चष्मा, महिन्याच्या महिन्याला लागणारे बायकी सामान, हे सगळे त्याच पन्नास रुपयांत? आई म्हणते, जाऊ द्या, देतो आहे हेच नशीब. आम्ही म्हणतो, नशिबाचा येथे काय संबंध? हा पैसा बाप आईला देत नाही, आपल्या लेकीला देतो. तो वाढवून मागणे म्हणजे भीक नव्हे आणि सूडही नव्हे. मुलीचे वय वाढले, शाळा बदलली, आजारपण आले, महागाई वाढली, बापाची कमाई वाढली, यांतले काहीही झाले असेल तर ती परिस्थितीतला बदल म्हणून दाखवता येते, आणि तेवढ्यावर अर्ज करता येतो. पूर्वी फौजदारी पोटगीला महिना 500 रुपयांची कमाल मर्यादा होती. ती 2001 साली उठली. अजून खेड्यापाड्यांत म्हातारी माणसे सांगतात, कोर्ट पाचशेच्या वर देत नाही. ती गोष्ट संपून वीस वर्षांवर होऊन गेली.

येथे आपल्या लोकांची खरी अडचण येते. नोकरदाराची कमाई पगाराच्या चिठ्ठीवर दिसते; शेतकऱ्याची आणि कारागिराची कोठे दिसते? बाप कोर्टात हात जोडून सांगतो, साहेब, कोरडवाहू दोन एकर, पाऊस नाही, खायला महाग. आणि दाराशी नवा ट्रॅक्टर उभा! ही लबाडी ओळखून सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्व देशासाठी नियम घालून दिले. दोन्ही बाजूंनी आपली मालमत्ता, उत्पन्न, कर्ज, खर्च शपथेवर लिहून द्यायचा. त्यातही शेतीवर पोट असणाऱ्यांसाठी वेगळा नमुना जोडला आहे, आणि नोकरी-धंदा करणाऱ्यांसाठी वेगळा. जमीन किती, जिरायत किती, बागायत किती, गुरेढोरे किती, उत्पन्न किती, हे त्यात लिहावे लागते. खोटे लिहिले तर त्याचे परिणाम भोगावे लागतात. आमच्या बायांना आमचे सांगणे असे की त्या कागदावर वकिलाच्या कारकुनाने जे लिहिले त्यावर डोळे मिटून अंगठा करू नका. सातबारा आणि आठ-अ काढा, ते कोणालाही मिळतात. कारखान्याला ऊस जात असेल तर कोणत्या कारखान्याला आणि कोणाच्या नावावर, ते लिहा. दूध कोणत्या संस्थेत घातले जाते ते लिहा. सोसायटीचे पीककर्ज किती ते लिहा. कारागीर असेल तर त्याच्या दुकानाचे भाडे, यंत्रे, हाताखालची माणसे, मोबाइलवर येणारे पैसे यांची माहिती द्या. तुम्हांला सगळे कागद मिळणार नाहीत. पण कोठे कागद आहे हे सांगितले तर कोर्ट तो मागवू शकते.

आणि आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ही चाल आपल्या गावांतलीच आहे. पोटगीचा अर्ज पडला की बापाची जमीन भावाच्या नावावर, आईच्या नावावर, कधी चुलतमेहुण्याच्या नावावर जाते. फेरफार झाला की बाप भूमिहीन! याला उपाय आहे. हिंदू विवाह कायद्याच्या 25 व्या कलमात पोटगीसाठी स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवण्याचा अधिकार कोर्टाला दिला आहे. अर्ज करतानाच तशी मागणी करावी. बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढला म्हणजे घेणाराही दहा वेळा विचार करतो. आधी जमीन हलू द्यायची आणि मग हंबरडा फोडायचा, त्यात काही अर्थ नाही.

आता बापाची बाजू. आम्ही केवळ बायकांची वकिली करायला उभे राहिलो आहोत असे कोणी समजू नये. ज्याची बाग गारपिटीने झोडपली, ज्याच्या हाताची बोटे करवतीत गेली, ज्याचा माग बंद पडला, त्याला पूर्वीची रक्कम झेपत नसेल तर कायदा त्यालाही दार उघडे ठेवतो. त्यानेही अर्ज करावा. पंचनाम्याची नक्कल, दवाखान्याचे कागद, बंद पडलेल्या धंद्याचा पुरावा लावावा, आणि कमी करून मागावी. पण आपले बाप करतात काय? अर्ज करीत नाहीत. मनानेच बंद करतात. पहिल्या महिन्यात म्हणतात, दिवाळीनंतर देतो. दिवाळीनंतर म्हणतात, उसाचे बिल आले की देतो. असे करता करता दोन वर्षे निघून जातात आणि दारात वॉरंट येते. मग रडगाणे की कायदा बायकांच्या बाजूचा. अरे बाबा, गारपीट झाली त्याच महिन्यात अर्ज का केला नाहीस? पुढच्या महिन्यांची रक्कम कोर्ट कमी करील. जी आधीच चढली ती तुझ्या रडण्याने उतरत नाही. फौजदारी पोटगी थकली तर जप्ती होते, आणि जप्तीनंतरही न भरल्यास दर थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत तुरुंग होऊ शकतो. पुष्कळांना वाटते, महिनाभर आत बसून आलो म्हणजे फिटले. तसे नाही. 1988 साली सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप कौर यांच्या प्रकरणात सांगून टाकले आहे की तुरुंग ही वसुलीची रीत आहे, परतफेड नव्हे. आत बसूनही कर्ज डोक्यावर तसेच राहते.

धडधाकट माणसाने मला कामधंदा नाही म्हणून हात वर करावेत, हेही चालत नाही. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात म्हटले की अंगात बळ असलेल्या माणसाने मोलमजुरी करूनही बायकामुलांचे पोट भरले पाहिजे. आपल्या कुळंबी बापाला हे न्यायालयाने सांगायला नको होते. परंतु काडीमोड झाली की माणसाची बुद्धी फिरते. जे लेकरू कालपर्यंत खांद्यावर बसून जत्रेला गेले ते आज 'तिचे' होते. पोटगीत हात आखडला की तो तिच्यावर आखडला असे त्याला वाटते. प्रत्यक्षात पोराच्या ताटातली भाकरी अर्धी होते.

ताब्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. पाच वर्षांच्या आतले मूल साधारणतः आईपाशी राहावे असे 1956 च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यात आहे. यावरून काही बापांनी असा अर्थ काढला आहे की पाच वर्षे पुरी झाली की मूल आपोआप बापाचे. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन माहेरच्या दारात उभे राहतात! असा कोणताही आपोआप बदल होत नाही. त्याच कायद्याच्या 13 व्या कलमात मुलाचे हित सर्वांत श्रेष्ठ मानले आहे, आणि आईचा किंवा बापाचा हक्क त्याच्यापुढे दुय्यम. मूल जाणते झाले असेल, आपले मत समजून सांगू शकत असेल, तर 1890 च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे कोर्ट त्याचे मत विचारात घेते. न्यायाधीश अनेकदा मुलाला आपल्या खोलीत घेऊन एकटे विचारतात. येथे दोन्ही बाजूंना आमचे हात जोडून सांगणे आहे: त्या खोलीत जाण्यापूर्वी पोराला पाठांतर करायला लावू नका. मोबाइलचे आमिष दाखवू नका, आजीच्या मरणाची शपथ घालू नका. न्यायाधीश अशी पढवलेली पोरे रोज पाहतात, आणि पोर मात्र त्या दिवसाचे ओझे जन्मभर वाहते.

ताबा कशाने बदलतो, असे विचाराल, तर एक खरी आपल्या मातीतली गोष्ट घ्या. आई ऊसतोडीला जाते. नवरा नाही, म्हणून अर्धा कोयता म्हणून भावासोबत जाते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते ती मार्च-एप्रिलात परत येते. पोरगा या काळात आजीपाशी गावातच राहतो आणि शाळेत जातो. बाप अर्ज करतो, आई सहा महिने मुलाजवळ नसते, ताबा मला द्या. काय व्हावे? आमचे मत स्पष्ट आहे. आई गरीब आहे आणि पोटासाठी बाहेर जाते, एवढ्यावर ताबा जाता कामा नये. पाहायचे ते हे: पोरगा शाळेत नियमित आहे की नाही, आजीच्या अंगात त्राण आहे की नाही, आजारी पडला तर कोण नेते, बापाच्या घरी कोण आहे, बाप पितो काय, मारतो काय, इतकी वर्षे तो पोराला भेटायला आला काय. पोर शाळा सोडून फडावर राहात असेल, आजी अंथरुणाला खिळली असेल, आणि बापाचे घर नीट असेल, तर परिस्थिती खरोखर बदलली आहे, आणि त्या वेळी आईनेही हट्ट धरू नये. सहा महिने बापाकडे, सहा महिने आईकडे अशी व्यवस्था दोघांच्या समजुतीने लिहून कोर्टापुढे ठेवता येते. पण शाळा दोन ठिकाणी करू नये, नाही तर पोर दोन्हीकडचे होत नाही. साखरशाळा, हंगामी वसतिगृह जेथे चालते तेथे ते विचारात घ्यावे.

बाईने पाट लावला तर काय, हा प्रश्न बायका दबक्या आवाजात विचारतात, म्हणून आम्ही मोठ्याने सांगतो. दुसरे लग्न केले की तिची स्वतःची पोटगी फौजदारी कायद्याखाली थांबते. लेकराची थांबत नाही. बाप तोच आहे, त्याने दुसरे लग्न केले म्हणून किंवा तिने केले म्हणून तो बदलत नाही. आणि आईने पुनर्विवाह केला एवढ्यावर ताबा काढून घेता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे. पाहावे लागते ते सावत्र घरात मुलाला कसे वागवतात ते. बापाने दुसरे लग्न केले, दोन पोरे झाली, म्हणून पहिल्या लेकराची पोटगी शून्य होत नाही. नवा संसार हा त्याचा खर्च म्हणून कोर्ट विचारात घेईल, पण पहिल्याच्या तोंडचा घास काढून दुसऱ्याला देऊ म्हणणाऱ्याला कोर्ट फारसे उभे करीत नाही.

आता ज्याने आमची सर्वांत जास्त चीड होते ती गोष्ट. बाप म्हणतो, पोरगी भेटायला पाठवत नाही ना, मग पैसे बंद. आई म्हणते, पैसे देत नाही ना, मग भेट बंद. दोघेही जिंकल्यासारखे मिशांवर ताव मारतात (आईला मिशा नसल्या तरी ताव तोच). पोटगी ही भेटीची किंमत नव्हे, आणि भेट ही पोटगीची पावती नव्हे. दोन्ही हक्क लेकराचे आहेत. भेट अडवली जात असेल तर त्यासाठी वेगळा अर्ज आहे. भेटीचा वार, वेळ, जागा, दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी, गावची जत्रा, हे सगळे हुकमात लिहून घेता येते, आणि बदलताही येते. पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज आहे. एकाची शिक्षा दुसऱ्याला करू नये. शाळेतून दुपारच्या सुट्टीत पोर उचलून नेणे, शाळा सोडल्याचा दाखला परस्पर काढून घेणे, जातीचा दाखला करायला लागणारे बापाकडचे कागद अडवून धरणे, या सगळ्या युक्त्या त्याच पोराच्या पायावर धोंडा टाकतात. हुकूम बदलून घेताना एक ओळ जरूर घालून घ्यावी की शाळेचे, जातीचे, आधारचे आणि बँकेचे कागद ज्याच्यापाशी मूल आहे त्याला अमुक दिवसांत द्यावेत. ही ओळ नसल्यामुळे दहावीनंतर शिष्यवृत्तीच्या वेळी किती पोरांचे हाल होतात ते मास्तरांना विचारा.

स्टँप पेपरवरच्या सोडचिठ्ठीविषयीही बोलले पाहिजे. नोटरीपुढे दोन सह्या केल्या, पंचांनी अंगठे लावले, की झाली काडीमोड, असे आपल्याकडे सर्रास समजतात. जातीची रूढी पुराव्याने शाबीत झाली तरच अशी काडीमोड टिकते. नाही तर ती बाई कायद्याने बायकोच राहते, आणि दुसरे लग्न अडचणीत येते. त्याच कागदावर शेवटी एक ओळ असते: 'बाईने स्वतःची व मुलांची पोटगी कायमची सोडली.' ही ओळ पाहिली की आमच्या मस्तकाची शीर उठते. आईला मुलाचा हक्क सोडण्याचा अधिकार कोणी दिला? एक लाख घेऊन बाईने सही केली, तरी मुलासाठी पुढे पोटगी मागायला कोर्टाचे दार बंद होत नाही. बायकोनेही आपली पोटगी अशी लिहून सोडली तर सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली नीलम्मा यांच्या प्रकरणात तो करार लोकहिताच्या विरुद्ध ठरवला. परस्परसंमतीच्या घटस्फोटात एकरकमी पैसे घेणार असाल तर लेकराची रक्कम निराळी लिहा, त्याच्याच नावावर ठेवा, आणि मामाच्या विहिरीच्या कामाला वापरू नका.

आणि पंच मंडळींना दोन शब्द. जे पंच शहाणपणाने समेट घडवतात त्यांचा आम्ही आदरच करतो. परंतु कोर्टात गेलीस तर वाळीत टाकू, असे जे म्हणतात त्यांनी ध्यानात ठेवावे की महाराष्ट्रात 2016 चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण ज्याने केली त्याच्या घरात बहुधा धान्याने भरलेली कणगी असावी. ज्या बाईची कणगी रिकामी आहे तिने कोठली पायरी चढावी, हे त्या शहाण्याने सांगितले नाही.

आपल्या गावांतील मोमीन, पिंजारी, तांबोळी घरांच्या बाया विचारतात, हे आम्हांला लागू आहे काय. फौजदारी पोटगी धर्म पाहात नाही. तलाक झालेल्या मुसलमान बाईलाही 125 कलमाखाली मागणी करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 10 जुलै 2024 रोजी पुन्हा स्पष्ट केले. मुलांचा हक्क तर 1997 पासूनच निर्विवाद आहे.

आता अर्ज कोठे? ज्या कोर्टाने पहिला हुकूम केला तेथे सुरुवात करा. जिल्ह्याच्या ठिकाणी कौटुंबिक न्यायालय असेल तर बहुतेक सगळे तेथेच चालते. नसेल तर फौजदारी पोटगी तालुक्याच्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे; बाई ज्या गावी राहते तेथील कोर्टातही ती मागता येते, नवऱ्याच्या गावी खेटे घालायला नकोत. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून कोणी घरी बसू नये. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला आणि मुलाला, उत्पन्न किती का असेना, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात विधी सेवा समिती असते. 15100 या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. पोटगीच्या कामात बायकांना आपल्या राज्यात कोर्ट फीही माफ आहे. कोर्टाच्या दाराशी जो माणूस तुम्हांला 'मी साहेबांच्या ओळखीचा' म्हणून चहा पाजतो, त्याचा चहा पिऊ नका.

जाताना बरोबर घ्यायचे ते असे: जुन्या हुकमाची खरी नक्कल, मुलाचा जन्मदाखला आणि शाळेचा बोनाफाईड, फीच्या आणि औषधाच्या पावत्या, गेल्या वर्षभराचे बँकेचे पासबुक ज्यात पोटगी आली किंवा आली नाही ते दिसेल, आणि समोरच्याच्या कमाईविषयी जे मिळाले ते. पैसे हातात घेऊ नका. खात्यावर घ्या, खात्यावर द्या. हातात दिले म्हणणारा बाप आणि मिळाले नाही म्हणणारी आई, दोघेही खरे बोलत असले तरी कोर्टाला कागदच दिसतो. मध्यंतरीची पोटगी मागायला विसरू नका. नोटीस लागल्यापासून साठ दिवसांत ती शक्यतो ठरवावी असे कायद्यात आहे, आणि पहिल्यांदा पोटगी मिळते ती अर्जाच्या तारखेपासून धरावी असे 2020 च्या निकालात आहे. तारखा पडतील. सगळे साठ दिवसांत होईल असे आम्ही सांगत नाही.

बैठकीच्या आधी दोन प्रश्न चिठ्ठीवर आले होते. एका बाईंनी विचारले आहे की तीन वर्षांची पोटगी थकली आहे, आता सगळी मिळेल काय. बाई, फौजदारी हुकमाची रक्कम थकल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. त्यामुळे आज अर्ज केलात तर गेल्या बारा महिन्यांची तरी हाताशी लागेल, आणि उद्या गेलात तर आणखी एक दिवस कमी. हुकूम हिंदू विवाह कायद्याखालचा दिवाणी असेल तर त्याच्या बजावणीची मुदत बारा वर्षांची आहे. म्हणून आधी घरी जाऊन हुकमाच्या डोक्यावर कोणते कलम आहे ते पाहा, किंवा तो कागद उद्या आम्हांला आणून दाखवा. दुसरी चिठ्ठी एका बापाची आहे. मुलगा येत्या जूनमध्ये अठरा पुरे करतो, मग पोटगी बंद करू काय? दादा, कायद्याने धडधाकट मुलाची पोटगी अठराव्या वर्षी थांबते. अपंग असून स्वतःचे पोट भरू शकत नसेल त्याची थांबत नाही, आणि लग्न न झालेल्या, स्वतःची कमाई नसलेल्या मुलीचा हक्क 1956 च्या दत्तक व पोटगी कायद्याने पुढेही चालतो. पण तुमचा मुलगा आय.टी.आय.ला नाव घालणार आहे असे तुम्हीच चिठ्ठीत लिहिले आहे. दोन वर्षांच्या फीचा आणि बसच्या पासाचा हिशोब करा, आणि त्याच्या आईबरोबर बसून जूनच्या आत कागदावर लिहा.